झोपेची टाचणवही

डोक्याला मार लागलेल्या माणसाशी बोलताना लोक आवाज चढवतात. बहिरा आणि येडा यांतला फरक आपल्याकडं फारसा कुणी पाळत नाही. मी तुळजापुरात सव्वीस वर्षं गणित शिकवलं आणि गेल्या वर्षी माघात, भर दुपारी, शाळेतून घरी येताना स्कूटरवरून पडलो. रस्त्यावर आदल्याच दिवशी गतिरोधक झाला होता आणि त्याला पांढरे पट्टे मारायचे राहून गेले होते. हेल्मेट डिकीत होतं. ते डोक्यावर न राहता डिकीत का राहिलं, याचं धड उत्तर माझ्याकडं नाही. वर्गात एखाद्यानं असलं उत्तर दिलं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं.

सोलापूरला कवटी उघडून आतलं रक्त काढलं. वीस दिवस तिथं होतो म्हणतात. मला त्यातले दोनच आठवतात, आणि त्या दोन्ही दिवशी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक डबा खात होते.

घरी आल्यावर गाव भेटायला लोटलं. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "झोप येती का?" मी येते म्हटलं की त्यांचा हिरमोड व्हायचा, कारण औषध तयार करून आणलेलं असायचं. कुणी खसखस वाटून प्या म्हणालं, कुणी नाकात तूप सोडा म्हणालं. एका निवृत्त तलाठ्यानं तर काशाची वाटी सोबतच आणली होती आणि माझे तळपाय स्वतः घासायला बसला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा सातबारा चार खेपांशिवाय दिला नाही, तो माझे पाय घासत होता. मी पाय ओढून घेतला. तेव्हापासून गावात पसरलं की, मार लागल्यापासून सर फार तिरसट झालेत. बायकोला विचारा. ती सांगेल, तिरसटपणा लग्नाच्याही आधीपासूनचा आहे, मेंदूच्या डॉक्टरांचा त्यात काही हात नाही.

मला एकच गोष्ट हवी होती. दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्रात, दहावीच्या वर्गावर परत उभं राहायचं होतं. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं. शब्द अडायचे, चहात साखर घातली की नाही ते आठवायचं नाही, हे सगळं चालवून घेता येत होतं. त्रिकोणमिती मला अजून येत होती. आमच्या मुख्याध्यापकाला ती कधीच आली नाही. हा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, माझ्याच हाताखाली लागलेला, आणि कागदं रंगवून खुर्चीवर गेलेला. माझी दहावी त्यानं एव्हाना कुणाच्या तरी भाच्याच्या गळ्यात बांधली असणार, याची मला खात्री होती. म्हणून घाई होती. आणि रुजू व्हायचं तर डॉक्टरचा फिटनेसचा दाखला लागतो.

धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, "सर, जखम छान भरलीय. पण झोप नीट नसेल तर असा मेंदू लवकर दमतो. वर्गात उभं राहणं जमायचं नाही. आधी झोप तपासू, मग दाखला." योगायोगानं त्यांच्याकडं पुण्याची मंडळी आली होती. डोक्याला मार लागलेल्या लोकांची झोप कशी असते ते मोजत होती. नाव घालू का म्हणाले. दाखल्यासाठी मी कशातही नाव घातलं असतं.

मोजणारी एक मुलगी होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. तिनं माझ्यापुढं चार पानांचा कागद ठेवला. पहिलाच प्रश्न असा होता, की गेल्या महिन्यात अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला साधारण किती मिनिटं लागली?

मी म्हटलं, "मॅडम, झोप लागली ते मिनिट ज्यानं घड्याळात पाहिलं, तो जागाच होता. प्रश्न चुकलाय."

ती हसली. "अंदाजे सांगा, सर."

पुढचे प्रश्न याहून थोर. गेल्या महिन्यात आठवड्यातून किती वेळा मध्येच जाग आली? गेल्या महिन्यात जेवताना, बोलताना पेंग आली का? ज्याची आठवण गेली म्हणून तुम्ही त्याला बोलावलंत, त्यालाच महिन्याभराचं विचारता. मोडलेला पाय बघायचा म्हणून माणसाला पळायला लावण्यातला हा प्रकार. हे असले कागद शिकलेली माणसं बसून तयार करतात आणि त्यावर पुढं आणखी शिकलेली माणसं बोलतात. मी वाद घातला नाही. पेपर सोपा होता. कुठं खूण केली की मार्क मिळतात, हे चौथीतल्या पोरालाही कळलं असतं. मी सगळीकडं 'फार चांगली' वर खूण केली आणि पाच मिनिटांत पेपर दिला.

मग तिनं माझ्या मनगटावर एक काळा रबरी पट्टा बांधला. हात हलला की माणूस जागा, हात गप राहिला की झोपला, एवढीच त्याची अक्कल. ती सांगत होती त्यात बाकीही बरंच होतं, पण सार हेच. मी मनात म्हटलं, या हिशेबानं शाळा तपासायला येणारे निम्मे साहेब बारमाही झोपलेले निघतील.

तिसरी वस्तू वही. चौदा दिवस, दिवसाला एक पान. रोज उठल्या उठल्या भरायची. किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, मध्ये किती वेळा जाग आली, दुपारी झोपलात का, किती वेळ, उठल्यावर कसं वाटलं. दहाव्या दिवशी पट्टा चार्ज करायला या आणि पंधराव्या दिवशी वही घेऊन या, असं तिनं बायकोला दोनदा सांगितलं. मला एकदाच सांगितलं, तेही आवाज चढवून.

घरी आईनं पट्टा पाहिला. आई ब्याऐंशीची आहे, आणि घरात तिच्या शब्दापुढं अजून कुणी जात नाही.

"ह्ये काय बांधलंय?"

"झोप मोजायला."

"मोजून काय करत्यात?"

"लिहून ठेवतात."

"मग निजायचं कवा?" आई म्हणाली आणि वाती वळायला बसली. त्या सगळ्या प्रकरणातलं एवढं एकच वाक्य मला पटलं.

आता भाद्रपदाचे ते दिवस. आमचं गाव देवीचं, आणि आमची देवी वर्षातून तीनदा झोपते. नवरात्राच्या आधी तिला सिंहासनावरून उचलून मंचकावर निजवतात आणि घटस्थापनेच्या पहाटे उठवून परत सिंहासनावर बसवतात. तेवढे दिवस आमच्या घरात कुणी पलंगावर की गादीवर झोपत नाही. देवी मंचकावर आणि आम्ही सतरंजीवर. मी यातलं काही मानत नाही, पण पाळतो सगळं. जिला आठआठ दिवस निवांत झोपायची सोय आहे, तिच्यापुढं चार पानांचा कागद धरायची मात्र कुणाची हिंमत नाही.

वहीच्या चौथ्या दिवशी देवी निजली आणि घरात तंटा सुरू झाला. बायको म्हणाली, "डॉक्टरांनी डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलंय. खाली नको." आई म्हणाली, "चार उशा घे की मग. देवी निजल्यावर पलंगावर लोळायचं व्हय? भोगायचं कुणी?" मी सतरंजीवर झोपलो. आईचं ऐकलं म्हणून नव्हे. झोप बिघडली तर सांगायला कारण होईल, म्हणून.

रात्री मी हात छातीवर ठेवून हलायचोच नाही. जाग आली तरी नाही. पाठीखाली फरशी टोचायची, डास चावायचा, पण मी हात हलवू दिला नाही. एक रबरी पट्टा मला पकडणार होय!

वहीचं तर हसूच येत होतं. शिक्षकाला वही भरायला सांगता? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत टाचणवही नावाची एक वस्तू असते. उद्याच्या तासाला काय शिकवणार, कसं शिकवणार, हे त्यात रोज आदल्या दिवशी लिहायचं असतं. महाराष्ट्रात ते रोज लिहिणारा शिक्षक असेल तर त्याला मी भेटलेलो नाही. तपासणी लागली की दोन दिवस आधी सगळे बसतात आणि तीन महिन्यांचं टाचण एका बैठकीत काढतात. आणि बावळटासारखे एकाच पेनानं काढतात, म्हणून सापडतात.

मी सव्वीस वर्षांत एकदाही सापडलो नाही. माझी पद्धत होती. दोन निळी पेनं, एक काळं. मध्येच एका पानावर पेन फुटल्याचा डाग. एका दिवशी 'किरकोळ रजा'. एका दिवशी पाठ अपुरा, दुसऱ्या दिवशी 'मागील पाठ पूर्ण केला'. कुठंही ताकास तूर लागायची नाही. एका साहेबांनी तर माझी टाचणवही तालुकाभर नमुना म्हणून फिरवली होती. मी त्यांना चहा पाजला आणि मनातल्या मनात मूर्ख म्हटलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी दप्तरातून तीन पेनं काढली आणि झोपेची वही चौदाव्या पानापर्यंत काढून टाकली. काम उत्तम झालं होतं. पडलो ते कधी दहा, कधी सव्वादहा, एकदा पावणेअकरा. जाग कधी एकदा, कधी दोनदा. निद्रेच्या दिवसांत 'जमिनीवर झोपलो, पाठ थोडी दुखते'. बाराव्या पानावर 'आज घटस्थापना. देवी उठल्यामुळं घरात पहाटे साडेचारलाच जाग. तरी ताजंतवानं वाटलं'. तेराव्या पानावर 'बाहेर संबळाचा आवाज, भाविकांची गर्दी, एकदा झोपमोड'. असले बारकावे वाचून कुणालाही वाटावं, हा माणूस रोज उठून इमानानं लिहितोय. वही मी दप्तरात ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

फक्त एका रकान्यात मला डोकं लढवावं लागलं नाही. 'दुपारी झोपलात का?' तिथं मी चौदाही पानांवर 'नाही' लिहिलं, कारण मी दुपारी झोपत नाही. कधीच झोपलो नाही. दुपारी जेवून घोरणाऱ्या शिक्षकांना मी जन्मभर नावं ठेवली. जेवणानंतरचा तास मी मुद्दाम मागून घ्यायचो, कारण त्या तासाला पोरं पेंगतात आणि त्यांना जागं ठेवून समीकरण शिकवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आजारपणात मी दुपारी पुस्तक घेऊन आडवा व्हायचो, एवढंच.

मग एके दिवशी बायको म्हणाली, "आवरा, धाराशिवला जायचंय." मी इस्त्रीचा सदरा घातला, वही दप्तरात घातली. पंधरावा दिवस आला, असं मी धरून चाललो. आज वही दिली की दाखला, आणि दाखला मिळाला की सरळ शाळेत. एसटीत बायकोनं विचारलं, "दप्तर कशाला घेतलंय?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" ती गप्प बसली. तीस वर्षांत तिनं हे एक फार चांगलं शिकून घेतलंय.

त्या मुलीनं पट्टा सोडवून एका वायरीला लावला. मी तिच्यासमोर वही ठेवली, खरं तर जराशी आपटलीच.

"अरे वा, आणलीत? दाखवा," ती म्हणाली आणि पानं चाळायला लागली. मी खुर्चीत मागं टेकून बसलो. तपासणीला साहेब वही चाळताना मी असाच बसायचो. "सर, किती नीट लिहिलंय. एवढं कुणी लिहीत नाही."

"सवय आहे," मी म्हटलं.

ती चाळत चाळत पुढं गेली आणि एका पानावर थांबली. मागचं पान पाहिलं, परत पुढचं पाहिलं. मग मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "सर, आज कितवा दिवस आहे?"

"पंधरावा. मॅडम, मोजायचं मी शिकवतो."

तिनं वही बायकोकडं सरकवली. बायकोनं चष्मा लावला आणि बाराव्या पानावरच्या चार ओळी वाचल्या. माझ्याकडं बघितलं नाही. वहीकडंच बघत म्हणाली, "अहो, देवी अजून उठली नाही. घट परवा बसणारेत."

मी भिंतीकडं पाहिलं, कॅलेंडर असेल म्हणून. भिंतीवर मेंदूचं चित्र होतं.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी चिडलो. म्हटलं, असल्या वह्या सगळेच असे भरतात, तुम्हाला माहीत नाही एवढंच. वहीला काय विचारता, तुमचा तो पट्टा आहे ना, त्याला विचारा. मी किती गाढ झोपतो ते त्यात आलंच असेल.

तिनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. दिवसांच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यांवर हात हलला तिथं काळ्या उभ्या रेघा. रात्रीच्या भागाबद्दल ती म्हणाली, "हे मला नीट कळत नाहीये. एवढा वेळ हात इतका स्थिर सहसा कुणाचा नसतो." मग तिनं पेनाचं टोक दुपारच्या भागावर ठेवलं. दीड ते साडेतीन, एकही रेघ नाही. रोज. एकही दिवस न चुकता. "पण सर, वहीत तुम्ही दुपारी झोप नाही असं लिहिलंय."

"ते वाचन," मी म्हटलं. "मी पडून वाचत असतो. हात हलत नसेल."

"वाचताना पान उलटायला हात हलतो, सर. तो दिसतो."

"मग तुमचा पट्टा मूर्ख आहे."

तिनं बायकोकडं पाहिलं. बायको बोलली. "तुम्ही रोज झोपता. जेवण झालं की दहा मिनिटांत. पुस्तक छातीवर असतं. घोरतासुद्धा. आई म्हणतात, झोपू दे त्याला. उठल्यावर तुम्ही म्हणता, नुसता पडलो होतो."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगते की," ती म्हणाली. "रोज सांगते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं, मी त्याला तोंड दिलं असतं. रोज सांगते म्हणजे किती दिवस? दहा? की सोलापूरहून आल्यापासून, सगळे सात महिने? विचारायची माझी छाती झाली नाही. त्या चौदा पानांत मी एकच रकाना खरेपणानं भरला होता आणि नेमका तोच खोटा निघाला.

मुलगी रागावली नाही. तिनं कपाटातून नवी कोरी वही काढली आणि बायकोला दिली. "काकू, यापुढं तुम्ही लिहा. सरांना विचारायचं नाही, तुम्हाला दिसेल ते लिहायचं." दाखल्याबद्दल तिनं काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. जुनी वही तिनं मला परत दिली नाही. कदाचित त्या वहीतूनही काहीतरी मोजता येत असेल.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. बाहेर सोयाबीनची काढणी चालू होती. मी त्या मुलीचा राग करून पाहिला, जमला नाही. तिनं मला पकडलंच नव्हतं. सव्वीस वर्षं मी साहेबांना मूर्ख म्हणत आलो. तेच साहेब आज समोर असते तरी त्यांना काही करावं लागलं नसतं. तिसरं पेन विसरलं नव्हतं की डाग चुकला नव्हता, काम चोख होतं. फक्त आज कोणता वार आहे ते मला माहीत नव्हतं. ज्या गावात देवी उठली की पोरालाही कळतं, तिथं ती निजलेली असताना मी तिला वहीत उठवून मोकळा झालो होतो. आणि असा माणूस जेवणानंतरचा तास घ्यायला निघाला होता. दहावीची साठ पोरं समोर, हातात खडू, आणि तो मधेच झोपणार. वर जागं झाल्यावर त्यांनाच म्हणणार, मी नुसता उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकाचा फोन आला. आला की मी एरवी बायकोला घ्यायला लावायचो. या वेळी मीच घेतला.

"सर, कसे आहात? दिवाळीनंतर येताय ना?"

मी म्हटलं, "माझी दहावी कुणाला दिलीस?"

"कुणाला देणार? मीच घेतो. माझं गणित तुम्हाला माहीतच आहे, रोज घरी गाइड वाचून जातो. पोरं हसतात. सत्रभर कसंबसं रेटलं बघा, तुम्ही येणार म्हणून." तो हसला. "जेवणानंतरचा तास तुमचाच ठेवलाय. वेळापत्रकात तुमचं नाव काढलंच नाही मी."

सात महिने मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आताही एखादी आठवून पाहिली. मग म्हटलं, "काढ."

"काय काढू, सर?"

"नाव. दुपारी मी झोपतो रे. आणि मला ते माहीत नसतं."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.